आपली जनावरं आधी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे होती तेव्हा गवत्या म्हणाला, "ते वासरू गेलं म्हणे."

गवत्या म्हणजे त्यांच्या ऑफिसातला चाऱ्याचा तज्ज्ञ. मोठा हुशार माणूस, गवताच्या एका काडीवरून तिची सात पिढ्यांची हकिकत सांगणारा. पण कुठली गोष्ट कुठे बोलावी याचं त्याला अजिबात ताळतंत्र नाही. जेवणाच्या टेबलावर तो शेळ्यांच्या जंतांबद्दल बोलतो आणि शोकसभेत हवामानाबद्दल. त्यामुळे लिफ्टमधल्या कुणीच मान वर केली नाही. ती मागच्या आरशाला टेकून उभी होती, पिशवी पोटाशी धरून, आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "कुठलं वासरू?" "अगं, ते बंधाऱ्यापलीकडचे शेतकरी नाहीत का, आपला नवा चारा पेरलेले? त्यातल्या एकाचं. कापणी झाली, खोडं वाळत होती, सगळं छान. आणि मागच्या आठवड्यात भलत्याच वेळी पाऊस झाला. खोडांना फुटवा आला, कोवळा, लुसलुशीत, वीतभर. वासरू दावं तोडून त्यात शिरलं. वीस मिनिटांत आडवं. मी तर चिठ्ठी फिरवली होती बाई, गुडघ्याच्या वर जाईपर्यंत त्यात जनावर सोडू नका, कोवळ्यात विष असतं म्हणून. पण आपल्याकडे चिठ्ठ्या वाचतंय कोण!" चौथ्यावर दोघं उतरले, पाचव्यावर एक. सहाव्यावर दार उघडलं, गवत्या "चल" म्हणून पुढे गेला आणि ती आतच उभी राहिली. दार मिटलं, लिफ्ट तिला घेऊन परत खाली निघाली, आणि मग कुठे तिनं पिशवीतून फोन काढला.

कारण त्याच फुटव्यात आज दुपारी आठ घरांची शेरडं-मेंढरं शिरणार होती, आणि ती शिरावीत असं सकाळी सहा वाजता तिनंच सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तिचं काम तेच होतं. पाऊस आपल्या जागी आणि आपल्या वेळी पडायचा तेव्हा मेंढपाळांच्या वाटा ठरलेल्या होत्या. आजोबा जिथे मुक्काम करायचे तिथेच नातू करायचा. मग पावसानं ताळ सोडला. जिथे गवत असायचं तिथे खडक उघडे पडले, आणि जिथे कधी कुणी गेलं नव्हतं तिथे आठ दिवसांपुरतं हिरवं दिसू लागलं. ते हिरवं शोधायला आता आभाळातून फोटो यायचे. ती ते फोटो जोडून चराईचा नकाशा करायची आणि दर सोमवारी मेंढपाळांच्या फोनवर निरोप सोडायची. निरोप तिच्या आवाजात जायचा, कारण सुरुवातीला कुणा शिकलेल्या माणसाचा आवाज लावला होता तर एक जण हलायला तयार नव्हता. "हा कोण आम्हाला सांगणार?" म्हणाले. मग तिचा आवाज लावला. ती त्यांच्यातलीच, पुढे जाऊन कुरण बघून येणाऱ्या पाहणीवाल्याची लेक. तेव्हा हलले. त्या आठ घरांत एक घर तिच्या धाकट्या भावाचं होतं. काल संध्याकाळी पाच महिन्यांच्या तपकिरी पडद्यावर बंधाऱ्याच्या पलीकडे हिरवा चौकोन उगवला, तेव्हा तिनं एकटीनंच टाळी वाजवली होती. कागदपत्रंही तपासली होती. शेतकऱ्यांशी करार होता: कापणीनंतर उभी राहिलेली सुकी खोडं मेंढपाळांच्या जनावरांनी खायची, बदल्यात लेंड्या-मूत शेतात पडायचं, दोघांचंही भलं. करार खरा, सह्या खऱ्या. फक्त तो सुक्या खोडांचा करार होता आणि पडद्यावर दिसत होतं ते हिरवं होतं. सुकं हिरवं का दिसेल, एवढा साधा प्रश्न तिला पडला नाही. आणि गवत्याची चिठ्ठी? ती तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. तिनं ती उघडून, वरच्या दोन ओळी वाचून, 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये नीट ठेवून दिली होती.

तळमजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा तिचा फोन कानाला होता. भावाचा फोन बंद. तो बंदच असणार होता. रानात चार्जिंग कुठलं, म्हणून तो सकाळी निरोपापुरता फोन चालू करायचा आणि मग दुपारी पाण्यावर थांबला की पुन्हा, जमलं तर. सव्वाअकरा वाजले होते. सकाळी निघालेला कळप बंधारा ओलांडून साधारण एक-दीडला तिथे पोचणार, हे तिनंच हिशेब करून निरोपात सांगितलं होतं. "जेवायच्या वेळेला पोचाल" असं हसून म्हटलंही होतं. ते हसणं आता तिला स्वतःच्या कानात ऐकू आलं. बाकीच्या सात घरांपैकी मामांचा नंबर तेवढा तिच्या स्वतःच्या फोनमध्ये होता. मामा म्हणजे त्या तांड्यातले सगळ्यात वयस्क मेंढपाळ, कुणाचेच सख्खे नसून सगळ्यांचे मामा. त्यांच्या फोनची घंटा वाजत राहिली. मामांचा फोन गाठोड्यात तळाशी असतो, वर भांडी असतात. तिनं पाच वेळा लावला. वॉचमननं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" ती "नाही, बरं आहे" म्हणाली आणि जिन्यानं सहा मजले चढून गेली, कारण लिफ्टची वाट बघायला तिचे पाय तयार नव्हते.

दुरुस्तीचा निरोप सोडायचा तर साहेबांची सही लागते. नियम चांगल्या हेतूनंच केलेला होता. मागे एकदा कुणीतरी दिवसातून तीन वेळा निरोप बदलले आणि मेंढपाळांनी फोनच बंद करून ठेवले, तेव्हापासूनचा. साहेब काचेच्या खोलीत पाहुण्यांसमोर उभे होते. भिंतीवर तिचाच नकाशा, आणि साहेबांच्या हातातल्या लेझरची लाल ठिणगी नेमकी त्या हिरव्या चौकोनावर गोल गोल फिरत होती. ती दार उघडून आत गेली. असं कुणी जात नाही. साहेबांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तिला कोपऱ्यात नेलं. "आत्ता?" "साहेब, ते हिरवं विषारी आहे. तिथे वासरू मेलंय." "एक वासरू?" "चाऱ्याच्या फुटव्यानं. आज आठ घरं तिथे जातायत." साहेबांनी घड्याळ बघितलं. वाईट माणूस नव्हे. तीन वर्षं लोकांच्या दारात खेटे घालून त्यांनी हे काम उभं केलं होतं, आणि आजचे पाहुणे ते काम पुढे चालवायचं की बंद करायचं ते ठरवणार होते. "पक्की खात्री करून घ्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "शेतकऱ्याशी बोला, डॉक्टरशी बोला. जेवणानंतर बसू. एवढ्यानं आभाळ कोसळत नाही." आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळून त्यांनी लाल ठिणगी पेटवली.

टेबलापाशी येऊन तिनं निरोप बोलून घेतला. पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा ती एवढंच म्हणाली, "मी बोलतेय. बंधाऱ्यापलीकडच्या हिरव्यात जनावर घालू नका. विष आहे. आत गेलं असेल तर बाहेर काढा." सहीच्या चौकटीत तिनं साहेबांच्या नावापुढे स्वतः खूण केली आणि बटण दाबलं. दोन वर्षांच्या नोकरीत तिनं कधी रजेचा अर्जसुद्धा उशिरा दिला नव्हता. पण आता त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचीच भीती वाटली. पडद्यावर आठ ओळी उमटल्या. पाठवला, पोहोचला नाही. पाठवला, पोहोचला नाही. आठही तशाच. ती त्या ओळींकडे बघत बसली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर आपटत होतं, खाली रस्त्यावर गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं, एसीचं गार वारं तिच्या मानेवर बसत होतं, आणि तिकडे या घटकेला हजार-बाराशे खुरं धूळ उडवत तिच्या शब्दावर चालली होती.

पाहणीला बाबा असते तर हे झालंच नसतं, असं तिच्या मनात आलं, आणि मग ते मनातून जाईना. बाबा पाहणीला जायचे. तांडा हलायच्या दोन दिवस आधी एकटे, पायी, पाण्याची पिशवी आणि एक म्हातारी शेळी घेऊन. परत यायचे तेव्हा भुवयांवर माती असायची. सगळी घरं गोल करून बसायची आणि बाबा कधी "आहे" म्हणायचे, कधी "नाही". जास्त बोलायची त्यांना सवयच नव्हती. "आहे" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पालं उतरायची. आणि नव्या कुरणावर पोचलं की पहिला अर्धा दिवस फक्त त्यांच्या घरची जनावरं आत जायची. बाकीच्यांची कडेला धरून ठेवलेली; गवताचा वास येऊन वेडीपिशी झालेली, माणसांच्या मांड्यांना ढुशा देणारी. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. कमरेवर हात ठेवून त्या रांगेपुढून मिरवायची. "तुमचीच बरी आधी!" असं बाकीच्या पोरी नाक मुरडून म्हणायच्या आणि ती म्हणायची, "मग! पाहणी कुणी केली?" कोवळं, न तुडवलेलं, पहिल्या तोंडचं गवत आपलं. केवढा मान! हा किस्सा तिनं या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितला होता, आणि साहेब खळखळून हसले होते. फक्त आई त्या अर्ध्या दिवसात खाली बसायची नाही. चूल पेटवायची नाही, पाणी प्यायची नाही. कुरणाच्या कडेला पदर मुठीत धरून एकटक बघत उभी राहायची. तिला वाटायचं, आईसुद्धा मिरवतेय.

स्टेपलर थांबला. तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. इतकी वर्षं. चाळिशीला आलेली बाई, शिकलेली, नकाशे करणारी, आणि आई का उभी राहायची ते तिला आत्ता, या खुर्चीवर बसून, कळत होतं. तो मान नव्हताच मुळी. ज्यानं 'आहे' म्हटलं त्याची जनावरं आधी. त्याचं चुकलं असेल तर त्याचीच पडतील, दुसऱ्याची नाही. एवढा साधा तो मामला होता, आणि कुणी तिला समजावून सांगितला नव्हता, कारण बाबांना वाटलं असणार, यात सांगायचं काय? आणि याच्या पाठोपाठ आज सकाळचा भावाचा आवाज. ती दात घासत होती, फोन बेसिनवर ठेवला होता. "ऐकलं गं ताई. निघतोय आता. पाहणी तुझी, म्हणजे आपली जनावरं आधी." दोन वर्षं तो दर वेळी हेच म्हणायचा आणि दोन वर्षं तिला वाटायचं, लबाड, बहिणीच्या वशिल्यावर पुढे घुसतोय. आज तर तोंडात फेस असतानाच ती बाबांना म्हणाली होती, "बघा तुमचा लेक, रांग मोडून पुढे!" बाबा गॅलरीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलावंसं वाटल्यासारखे थांबले, आणि मग चहाच्या कपात बघू लागले. म्हणजे त्या पोराला सगळं माहीत होतं. दर सोमवारी त्यानं घरादाराचं पोट तिच्या बोटाखालच्या एका रंगावर लावलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

साडेबारा झाले, एक झाला. सव्वाला एका ओळीचा रंग बदलला: पोहोचला. नंबर मामांचा. तिनं लगेच फोन लावला, तर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. गवत्या दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं चहा आणला आणि तो तसाच साय धरून बसला. जीव टांगणीला लागतो म्हणतात, तर टांगणीला लागलेला जीव काही वर जात नाही की खाली येत नाही, तसं ते झालं होतं. एकदा तिला वाटलं, भाऊ आज आळसावला असेल, उशिरा निघाला असेल. मग वाटलं, मेंढरांची वाट चुकली असेल. मग तिनं मनातल्या मनात असंही म्हटलं की आज एक दिवस, फक्त आजचा दिवस, त्यानं दुसऱ्या कुणाची तरी जनावरं पुढे घालावीत. हे म्हटलं, आणि आपण काय म्हटलं ते तिला कळलं. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"ताई."

"कुठे आहेस? आत जाऊ नकोस, ऐक आधी..."

"झालं ताई." त्याचा आवाज दमलेला होता, बाकी काही नाही. "मामांच्या फोनवर आला तुझा निरोप. त्यांनी सगळ्यांना ऐकवला. पण आपली आत जाऊन घटकाभर झाली होती. निरोप चालू असतानाच पहिली बसली. ती तांबडी, कान चिरलेली. मग पटापटा."

"किती?"

"चौतीस. सहा उभी आहेत अजून, धापा टाकतायत. शेतकरीच धावत गेलाय डॉक्टर आणायला. चांगला आहे बिचारा, तोच रडत होता."

"आणि बाकीच्यांची?"

"त्यांची कशाला जातील? बांधावर धरलेली होती ना." तिनं नाक ओढलेलं त्याला ऐकू गेलं. "तू रडू नकोस गं. तुझं काय चुकलं? हिरवं तर होतंच."

"माझ्याकडे चिठ्ठी आली होती," ती म्हणाली. "तीन आठवडे माझ्याकडे पडून होती. मी वाचली नाही."

त्याच्या मागे कुणीतरी एका जनावराला नावानं हाका मारत होतं, पुन्हा पुन्हा. वहिनीचा आवाज होता तो. "बरं," भाऊ म्हणाला. "ते असू दे आता. इथे सगळे बसलेत, विचारतायत, पुढे कुठे? त्यांची जनावरं सकाळपासून उपाशी आहेत. अंधार पडायच्या आत पुन्हा फोन लावतो. तोवर तू बघून ठेव."

साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले ते खुशीतच. ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले, मनापासून हळहळले. मग म्हणाले, "सात घरं वाचली ना पण? म्हणजे निरोप वेळेवर गेला, यंत्रणा चालली. सहीचं मी सांभाळून घेतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शंभरात पाच-सात चुका आपण धरलेल्याच असतात." गवत्या तर डोळे पुसत म्हणाला की चूक त्याचीच, चिठ्ठी न लिहिता तोंडी सांगायला हवं होतं. दिवसभर जो तो तिच्या चुकीला हात लावून ती आपल्या खिशात टाकत होता. घरी जाताना बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही याचं तिला बरं वाटलं. एका बाईची पिशवी सारखी तिच्या गुडघ्यावर आपटत होती, तिनं पाय मागे घेतला नाही. बाबांना काय सांगायचं, ते ती जुळवत होती. थोडं नुकसान झालं म्हणायचं. चार-दोन गेली म्हणायचं. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघ्यांमुळे दोन वर्षं चौथ्या मजल्यावरून खाली न उतरलेला. त्याला सगळं सांगून काय साधणार होतं?

बाबा गॅलरीतच होते. ऊन उतरून समोरच्या इमारतीच्या टाक्यांवर गेलं होतं. तिनं चप्पल काढली, पिशवी ठेवली, आणि ते तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय झालं?"

"हिरवं वाईट निघालं."

"आत कुणाची होती?"

जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. "आपलीच," ती म्हणाली. "चौतीस."

त्यांचा खालचा ओठ हलला. ते बराच वेळ गॅलरीच्या गजांकडे बघत राहिले. एकेक जनावर त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. त्यातल्या निम्म्यांच्या आज्यांना त्यांनीच हातानं दूध पाजलं होतं. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांची?"

"एकही नाही."

बाबांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ती हादरलीच. ते समाधान होतं. डोळ्यांत पाणी होतं आणि समाधान होतं. "मग रीतीनं झालं," ते म्हणाले.

"रीतीनं?" ती ओरडली. बाबांवर ती जन्मात कधी ओरडली नव्हती. "कसली रीत, बाबा? मी एक कागद वाचला नाही. आळस केला. हिरवं दिसलं आणि लहान पोरीसारखी टाळ्या पिटल्या. तुमचा लेक म्हणतो तुझं काय चुकलं, साहेब म्हणतात यंत्रणा चालली, तो गवत्या स्वतःच रडतो, आणि तुम्ही म्हणता रीतीनं झालं! अहो, कुणीतरी मला शिव्या द्या!"

बाबांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. "पाहणी करणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही, पोरी," ते म्हणाले. "माझ्या हातून दोनदा झालं. तू लहान होतीस, तुला कळू दिलं नाही. दोन्ही वेळा कुणी एक शब्द बोललं नाही मला. उलट जेवायला बोलावलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे गोल करून बसले, माझ्या तोंडाकडे बघत. तेवढंच त्या कामात वाईट आहे."

तेव्हा फोन वाजला. भाऊ म्हणाला, "ताई, स्पीकर लावलाय. सगळे आहेत." आणि खरंच, सगळे होते; खोकणं, मेंढरांचं ओरडणं, मामांचं खाकरणं, आणि मग ते सगळं एकदम शांत झालं. लॅपटॉप पिशवीत होता. त्यात उत्तरेकडे आणखी दोन हिरवे ठिपके होते, तिनं दुपारीच बघून ठेवले होते. बाबा तिच्याकडे बघत होते. तिनं पिशवीला हात लावला नाही. कुरणाच्या कडेला आई उभी राहायची तशी ती गॅलरीच्या दारात उभी राहिली होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आज मी सांगणार नाही," ती म्हणाली. "उत्तरेला दोन ठिकाणी हिरवं दिसतंय, पण ते काय आहे मला माहीत नाही. इथून कळत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी येते. मामा, तुम्ही आणि मी आधी चालत जाऊन बघू. तोवर सुक्या खोडांवर भागवा. पण कुठली खोडं ते आत्ता ठरवायचं. ऐकतोयस ना? तू उभा आहेस तिथे पायाखाली काय आहे, ते मला सांग."

मग भाऊ म्हणाला, "थांब, वाकून बघतो."